मिलच्या अंगणातली सारस टीम

१२ ऑक्टोबर
पुन्हा हरलो. नागपूरच्या पोरी चाकांवरून सुसाट जातात, आमच्या जागच्या जागी गरगर. परतताना एस.टी.त गोलकीपर शुभांगी खिडकीला डोकं टेकून रडत होती. मी पाहूनही न पाहिल्यासारखं केलं. सीझनभर आमच्या नावावर एकच गोल, तो कॅप्टन रूपालीचा. मोबाईलवर बर्फातली हॉकी बघून या पोरींना वेड लागलं. मोहाडीत बर्फ फक्त रसवंतीवर, म्हणून चाकांची हॉकी. मी शाळेतली पी.टी.ची बाई, कॉलेजात स्केटिंग केलेली, म्हणून कोच. नसती उठाठेव!

१६ ऑक्टो.
लीगवाल्यांचा फोन. प्रत्येक टीमने आपल्या गावी एक मॅच घ्यायचीच. नाही घेतली तर टीम बाद. गावात गुळगुळीत जमीन एकच, राईस मिलचं धान वाळवायचं सिमेंटचं अंगण. तिथेच आमची प्रॅक्टिस चालते. शेठजी म्हणाले, "नवीन धान आलं का अंगण नाही भेटन मॅडम. मंग मले नोका म्हणू." शेवटचा रिकामा दिवस ९ नोव्हें. तोच घेतला. पुढे-मागे सरकायला जागाच नाही.

२५ ऑक्टो.
रूपालीची सासू गिरजाबाई आज प्रॅ. बघायला आली. हीच बाई दोन महिन्यांपूर्वी दारात ओरडली होती, "सून आणली का सर्कसवाली?" आज पोत्यावर बसून राहिली. रूपाली वळण घेऊन सुटली तशी बाई उभीच राहिली. "माह्या सुनेले कोणाचा बाप धरू शकत नाही!" मला तिला मिठीच मारावीशी वाटली.

८ नोव्हें.
पिवळ्या रंगाने रेषा मारल्या. पाठीचा काटा ढिला झाला. पोरींना सांगितलं, उद्या नागपूरचे पाहुणे येणार, घरचं कार्य समजा, अंगण लखलखीत पाहिजे. पोरींच्या आया होत्या, गिरजाबाई होती. सगळ्यांनी माना डोलावल्या.
जिंकलो नाही तरी चालेल. फक्त मॅच होऊ दे.

९ नोव्हें.
सकाळी मिलवर गेले तर अख्खं अंगण शेणाने सारवलेलं. जाडजूड, बोटांचे पट्टे उठलेले. कडेने रांगोळी, मधोमध आमच्या टीमच्या नावाचा सारस पक्षी. बायका पहाटेपासून राबत होत्या. गिरजाबाई पदर खोचून, हात कोपरापर्यंत शेणाचे. "पाहा मॅडम, पावण्यायसाठी कसं सारवलं! तुमीच त सांगलं ना, घरचं कार्य हाय मनून."
पिवळ्या रेषा शेणाखाली. लाईट गेलेली, मिलचा पंप बंद. पोरींनी बादल्यांनी धुवायला घेतलं तर चिखलच झाला. पाहुण्यांची एक पोरगी सरावाला उतरली, चाक रुतलं, गुडघ्यावर आपटली. पंच थांबले बिचारे, दुपारपर्यंत थांबले. मग म्हणाले, इथे खेळवता येणार नाही. पाहुण्या पोरींनी रांगोळीजवळ फोटो काढले आणि गेल्या.
गिरजाबाईने विचारलं, "काहून गेले वो?" शुभांगी पटकन बोलली, "भेले ना काकू, पळून गेले!" बाई पोट धरून हसली. मी मिलच्या मागे जाऊन रडले. राग काढायचा तरी कुणावर?

१० नोव्हें.
अंगणात धान पसरलं. लीगचा मेसेज आला. टीम बाद. विनंती केली, हात जोडायचेच काय ते उरले होते. म्हणतात, पुढच्या सीझनला जागा उरली तर बघू.

१४ नोव्हें.
रूपाली शाळेत आली. "मॅडम, सारवल्यानं टीम गेली हे मायले सांगू नोका. ते अन्नाले शिवणार नाही." माय म्हणजे गिरजाबाईच. मी म्हटलं, मग रोज संध्याकाळी घरी काय सांगतेस? शाळेत प्रॅ. आहे सांगून स्केट्सची पिशवी घेऊन निघते म्हणे, तलावाच्या पाळीवर बसून राहते, अंधार पडला की परत. सासू वाट बघत असते, दमली असशील म्हणून गरम पाणी काढून ठेवते.
तिला फक्त चहा दिला.

१९ नोव्हें.
बाजारात गिरजाबाईने गाठलं. भाजीवालीला सांगत होती, "ह्याच आमच्या मॅडम. यायच्या पोरीयले पाहून नागपूरवाले पळाले." सगळा बाजार कौतुकाने बघतोय माझ्याकडे. मग माझा हात धरून, "पुढची मॅच कधी वो? आमी बाया तयारच हाओत. मिलमंदी धान हाय त दुसरी जागा सांगा, तेथ बी सारवून देतो."
मागे रूपाली, हातात मेथीची जुडी. मान हलवून नको नको म्हणत होती.
मी म्हटलं, संध्याकाळी घरी येते, तेव्हा बोलू.
दिवे लागले. मगाशीच चप्पल घातली, दारापर्यंत गेले, आणि परत येऊन हे लिहीत बसलेय. तिकडे बाईने चहाचं आधण ठेवलं असेल. काय सांगू तिला?