तुमच्या तोंडी घातलेला प्रश्न

आबा, तुमच्यावर चिडून लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली, आता कसला राग, असं कुणीही म्हणेल. पण राग काही तुमच्याबरोबर गेला नाही. तो इथंच राहिला, दौंडला, माझ्या मेडिकलच्या काउंटरमागे. दुपारची वेळ आहे, गिऱ्हाईक नाही, आणि मी कंपनीवाल्यानं दिलेल्या फुकटच्या पॅडवर लिहितेय. शनिवारी जे झालं ते दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही, आणि तुम्हाला सांगून उपयोग नाही.

तुमच्या नातीचं, माझ्या लेकीचं, बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. त्याला दीड वर्ष झालं. पुण्याच्या डॉक्टरांनी तिला मनाच्या दुखण्यावरच्या गोळ्या दिल्या. त्या मीच तिला दर महिन्याला पाठवते. गोळ्यांनी ती उठली, ऑफिसला जायला लागली, पण हसली म्हणून नाही. मग ऑफिसात कुणीतरी तिला सांगितलं की ॲमेझॉनच्या जंगलातले वैदू एक वेल आणि कसली तरी पानं दिवसभर उकळून काढा करतात. तो प्यायचा, वैदू गाणी म्हणतो ती ऐकत बसायचं, भडाभडा उलट्या होतात आणि आत साचलेलं दुःख निघून जातं म्हणे. तिकडे वर्षभर राहून हे शिकून आलेला पुण्याचा एक मुलगा इथं भीमेच्या काठी भाड्याच्या फार्महाऊसवर तशी बैठक घेणार होता. सगळी पृथ्वी सोडून त्या औषधाला आमच्या दौंडचा ऊसच सापडला.

ती शुक्रवारी माझ्याकडे मुक्कामाला आली, तेव्हा मला वाटलं आईची आठवण झाली. शनिवारी सकाळी तिच्या बॅगेत गोळ्यांचं पाकीट दिसलं. त्यात असायला हव्या होत्या त्यापेक्षा चार गोळ्या जास्त होत्या. "चार दिवस झाले, बंद केल्यात," ती म्हणाली. "फॉर्ममध्ये विचारलं होतं, काही औषधं चालू आहेत का. मी नाही असं लिहिलं." या गोळ्या आणि तो काढा एकत्र आले तर जिवावर बेतू शकतं, आणि चार दिवसांत गोळीचा असर अंगातून जात नाही. शिवाय अशा गोळ्या एकदम तोडायच्याही नसतात. हे मी तिला समजावून सांगितलं, ओरडून सांगितलं, शेवटी रडून सांगितलं. त्यावर ती काय म्हणाली ऐका. "आई, आजोबांनी औषध देताना कधी कुणाला गोळ्यांचं विचारलं होतं का? तरी लोक बरे होऊनच जायचे ना?"

आता बोला. तिनं तुम्हाला फारसं पाहिलेलंच नाही. तिला जे माहीत आहे ते माझ्या आईनं सांगितलेलं. रविवारी पहाटे कवठ्यात आपल्या दाराशी काविळीच्या औषधाला माणसं यायची. तुम्ही आदल्या संध्याकाळी झाडाला हळदकुंकू आणि अक्षता वाहून आमंत्रण द्यायचात, पहाटे मुक्यानं जाऊन मुळी आणायचात, स्वयंपाकघरात सहाणेवर उगाळून ताकातून द्यायचात, आणि कुणाकडून सुपारीसुद्धा घ्यायचा नाहीत. देणाऱ्यानं बोलायचं नाही, घेणाऱ्यानंही उंबरा ओलांडेपर्यंत बोलायचं नाही. हे सगळं खरंच आहे. आईनं पुढचं सांगितलं नाही, आणि मीही इतकी वर्षं गप्प बसले.

पुढचं असं. मी नववीत आहे. तुम्ही सहाणेशी बसला आहात आणि मी ताक घुसळतेय. माझ्या वर्गातल्या मैत्रिणीची आई येऊन चुलीजवळ टेकते. डोळे पिवळेजर्द. घाम पुसायला ती कमरेचा रुमाल काढते, तशा त्यातून लालभडक कॅप्सूल खाली पडतात. मी उचलून देते आणि सहज विचारते, "काकू, ह्या कसल्या?" ती बिचारी बोलून जाते, "टीबीच्या हायेत गं. दाक्तरनं दिल्यात, रोजच्या रोज घ्यायच्या." तुम्ही हातातली वाटी दाणकन खाली ठेवता. "तुला कुणी इचारायला सांगितलं गं? औषीद देणाऱ्यानं इचारायचं नसतं. द्यायचं आन् गप ऱ्हायचं. घालीवलास ना सगळा गुण!" मग तुम्ही नवी मुळी उगाळली आणि तिला दिली. कॅप्सूलबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. ती घरी जाऊन दोन्ही घेत राहिली, तुमचंही आणि डॉक्टरांचंही. तीन आठवड्यांत बाई गेली. मैत्रीण परत कधी आपल्या घरी आली नाही.

पुढं डी. फार्मला असताना सरांनी एक दिवस शिकवलं की टीबीच्या या औषधांनी कुणाकुणाच्या लिव्हरला इजा होते. डोळे पिवळे दिसले की ताबडतोब डॉक्टरांकडे धाडायचं, ते औषध थांबवतात. वर्गात सगळे लिहून घेत होते आणि मी नुसतीच बसले होते. "बाई, आदी दाक्तरला डोळं दाव," एवढं म्हणायला तुम्हाला काय झालं होतं? कदाचित ती वाचली असती. कदाचित नसती, ते मला माहीत नाही. पण तुम्ही म्हणाला नाहीत. सुट्टीला घरी आले तेव्हा हे तुम्हाला तोंडावर सांगायचं मी ठरवलं होतं. तुम्ही ओट्यावर बसला होता. मी म्हणाले, आबा, चहा टाकू का? पुढं दुकान उघडलं तेव्हा तुम्ही एसटीनं आलात, नारळ फोडलात आणि कौतुकानं म्हणालात, "आपलंच काम करतीया पोर." मला ते इतकं झोंबलं की त्या दिवसापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला मी आधी एकच विचारते, दुसरं काही औषध चालू आहे का? लोक वैतागतात. खोकल्याचं औषध मागितलं तर बाई कुंडली मांडते, म्हणतात.

लेक ऐकेना, म्हणून मी तिच्या गाडीत जाऊन बसले. फार्महाऊसवर गाद्या घातल्या होत्या, प्रत्येक गादीशेजारी एक बादली. तो मुलगा इतका गोड बोलत होता की मला त्याचाच जास्त राग आला. "काकू, या ना, चहा घेणार?" ती आत निघाली. मी फाटकाशीच तिचा दंड धरला आणि आबा, मी खोटं बोलले. म्हणाले, "आजोबा विचारायचे नाहीत असं कुणी सांगितलं तुला? पहिलं तेच विचारायचे. 'दुसऱ्या कुणाचं औषीद चालू हाय का? असंल तर माझं न्हाई मिळायचं. आदी त्याला इचारून ये.' माणूस कितीही लांबून आलेला असू दे, परत पाठवायचे. तुलाही पाठवलं असतं."

तिनं दंड सोडवून घेतला. "आजी तर म्हणायची, ते औषध देताना बोलायचेच नाहीत."

"एवढंच बोलायचे," मी म्हणाले.

ती फाटकाच्या कट्ट्यावर बसून खूप रडली. मग स्वतःच आत जाऊन त्या मुलाला फॉर्ममधलं खरं सांगून आली. तो पांढराफटक पडला. त्यानं तिला नाही म्हटलं आणि बाहेर येऊन माझ्या पाया पडला. सोमवारी आम्ही डॉक्टरांकडे गेलो, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. ती बरी झालेली नाही. पण आहे, आणि अधूनमधून माझ्याशी भांडते आहे.

इथं थांबलं असतं तर मी लिहायला बसले नसते. पण काल त्या मुलाचा निरोप आला की यापुढे तो फॉर्मवर विसंबणार नाही, प्रत्येकाला समोर बसवून विचारणार, आणि त्याला त्यानं 'आजोबांचा प्रश्न' असं नाव दिलंय. लेकीनं तर कहर केला. तुमचा फेट्यातला फोटो ती मोठा करून घेतेय, खाली ते वाक्य लिहून. माझ्या दुकानात लावायला! माझा प्रश्न, माझं दुकान, आणि कौतुक तुमचं. नको म्हणावं तर का नको ते सांगावं लागेल. आणि पाटसला दिलेली ती मैत्रीण बीपीच्या गोळ्यांना दर महिन्याला माझ्याकडेच येते. आम्ही बोलतो, हवापाण्याचं. ती मान वर करून ते वाक्य वाचेल तेव्हा मी कुठं बघायचं, ते तुम्हीच सांगा.

हे कागद लेकीच्या हाती लागता कामा नयेत, म्हणून आत्ताच फाडणार आहे. फक्त एक सांगायचं राहिलं. फाटकाशी तुमचा आवाज काढून बोलत होते, तेव्हा क्षणभर मला तुम्ही तसेच दिसलात. मैत्रिणीच्या आईला दारातून परत पाठवताना. आणि नववीनंतर पहिल्यांदाच, आबा, तुम्ही मला आवडलात.