देवयानीचा पहिला घास

“आजपासून मऊ भात चालेल, पण घास अगदी लहान,” डॉक्टर म्हणाले आणि तू चक्क हसलीस. जबड्याच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच! वरचे दात खालच्यांवर किती छान बसलेत गं.

झोपली होतीस म्हणून उठवलं नाही. दहीभात कुस्करून टेबलावर झाकून ठेवलाय. वरखालच्या दातांना जोडणारे रबर काढून खा, मग दात घासून परत लाव. ओठ अजून बधिर आहे, भात सांडला तर सांडू दे. कुणासमोर खायला तुला संकोच वाटतो, म्हणून बाबांनाही बाजारात पिटाळलंय.

मीही इतके दिवस पेजेवरच आहे, हे तू ओळखलंसच. “आई, तुझा जबडा धड आहे ना?” असं पाटीवर लिहून भांडलीससुद्धा. तू चावून खाल्लंस की माझंही व्रत सुटेल. पहिला घास गिळलास की मिस्ड कॉल दे, मी देवळाबाहेर गरम कचोरी खाईन. फार वाट बघायला लावू नकोस, भूक लागलीय!

कालीमातेला नवस बोलले होते, पायी येईन. तुला कबूल केलं होतं, अनवाणी जाणार नाही. भवानीपूरहून कालीघाट काही लांब नाही. चपला घातल्यात, निघते.

– आई