सरकारी लागली, पण अकरा महिन्यांची

२ जून, मंगळवार. नांदेड.
आमच्या खाजगी दवाखान्यात अतिदक्षता विभागाबाहेर बसलेले नातेवाईक पाहिले की एक कोडे रोज पडते. लेकीला नोकरी सरकारीच हवी म्हणणारी हीच माणसे स्वतःच्या छातीत दुखू लागले की सरकारी दवाखान्याच्या फाटकासमोरून जीप पुढे काढतात आणि खाजगीत येतात. जिथे कामाला लागण्यासाठी नवस, तिथे इलाज नको! असे का?
आज कोडे माझ्याच अंगावर आले. निवड यादीत माझे नाव आहे. जळकोट तालुका, प्राथमिक आरोग्य केंद्र, परिचारिका, कंत्राटी. सोमवारी मूळ प्रमाणपत्रांसह हजर व्हायचे.
आईला फोन केला. “लागली का सरकारी? थांब, गल्लीत सांगून येते.”
“आई, कंत्राटी आहे. अकरा महिन्यांची.”
“मंग? वर्षाला एकच महिना कमी की!”
हसू आले. नंतर बराच वेळ उगीचच वॉर्डात फेऱ्या मारल्या.

३ जून.
चहाच्या सुट्टीत शबानाला (आमच्याकडची नवी सिस्टर) सलाईनच्या रिकाम्या खोक्यावर तीन रकाने काढून समजावले. कायम नोकरी: पगार आमच्या दुपटीहून अधिक, रजा, निवृत्तीनंतरची सोय, मात्र जाहिरात, परीक्षा, वयाची अट, आणि वाट पाहणे. कंत्राटी: वॉर्ड तोच, इंजेक्शन तेच, पगार बराच कमी. अकरा महिने भरले की एक दिवस खंड, मग नवा करार. म्हणजे सलग नोकरीचा दावा करता येत नाही. खाजगीत परीक्षाच नाही. डॉक्टरसाहेब दोन प्रश्न विचारतात: शीर सापडते का, रात्रपाळी चालेल का. हो म्हटले की दुसऱ्या दिवसापासून कामावर. फक्त मूळ प्रमाणपत्रे त्यांच्या कपाटात ठेवायची.
शबाना म्हणाली, “म्हंजे ताई, तिथं शिरणं मुश्किल, अन् इथून निघणं मुश्किल.”
एका वाक्यात! मी तीन रकाने काढत बसले होते.
आणि समजावण्याच्या भरात विसरलेच, की माझी प्रमाणपत्रेही त्याच कपाटात आहेत.

४ जून.
डॉक्टरसाहेबांकडे प्रमाणपत्रे मागितली.
“महिनाभर आधी सांगायचं असतं, सिस्टर. दोन पेशंट व्हेंटिलेटरवर आहेत. त्यांच्याकडं कोण बघणार? ती नवी शबाना?”
“मी तिला शिकवते आहे, सर.”
“पगार वाढवतो. त्या कंत्राटापेक्षा जास्त. बोला.”
“आणि प्रमाणपत्रं?”
“सुरक्षित आहेत की.”
राग येतो. तरी पेशंटचे म्हणतात ते खोटे नाही. जे काही येते ते याच खोलीत शिकले. केंद्रात व्हेंटिलेटर नाही, हात विसरेल. पण इथे उद्या साहेबांची मर्जी फिरली तर…

५ जून.
कोड्याचे उत्तर थोडे सापडल्यासारखे वाटते. नोकरीत माणूस उद्याची खात्री शोधतो, आजारात या घटकेची. म्हणून दोन दारे. इथवर मांडणी चोख बसते, आणि मला असे बसले की फार आनंद होतो! पण कंत्राटी नोकरीत उद्याचीही खात्री नाही. मग मी नेमके काय मागायला निघाले आहे?


६ जून.
सुट्टी टाकून कंधार, जांब करत एस.टी.ने केंद्र पाहायला गेले. कांबळे सिस्टर तिथे कंत्राटावर आहेत. करार किती वेळा नवा झाला ते आता त्यांनाही आठवत नाही.
“खंडाच्या दिवशी काय करता?” मी विचारले.
“येते की. त्या दिशी हजेरीत सही नसते, एवढंच. बाळंतीण काय माझा करार बघून येते का?”
मूळ कागदांचे सांगितले. “झेरॉक्सवर मुदत मागा. देतील बी, न्हाई बी.”
निघताना विचारले, “सिस्टर, तुमच्या धाकट्या बहिणीला इथं लावाल का?”
त्यांनी कापसाचे बोळे डब्यात भरले. झाकण लावले. खिडकीबाहेर पाहिले. मग म्हणाल्या, “चहा घेता का?”

७ जून, रविवार.
दुपारची पाळी. तोच प्रश्न शबानाला इथल्या नोकरीबद्दल विचारला. तिने सलाईनचे थेंब उगीच कमी-जास्त केले. “ताई, माझ्या धाकटीला पोलिसात जायचंय.” मग हळूच, “तुम्ही लावाल?”
मॉनिटर वाजला नव्हता, तरी मी मॉनिटरकडे गेले.
उद्या सोमवार. पहाटेची एस.टी. धरली तर झेरॉक्स घेऊन मुदत मागता येईल. नाही धरली तर साहेब सकाळीच नवा पगार ठरवतील. पिशवी भरली, रिकामी केली, पुन्हा भरली. आई गल्लीभर सांगून बसली आहे.
यापुढे सरकारी की खाजगी असे कुणी विचारले, तर रकाने काढणार नाही. त्या जागी आज काम करणाऱ्याला गाठा आणि विचारा, धाकट्या भावंडाला इथे लावाल का? उत्तराकडे फारसे लक्ष देऊ नका. उत्तर येण्याआधी हात काय करत राहतात, ते पहा.