टाकीवरची नवी प्रजाती

३ मार्च, सकाळी ११
सापडली! डिपार्टमेंटच्या पाण्याच्या टाकीवर दगडफुलासारखं राखाडी लायकेन, तळहाताएवढं. पोटॅशचा थेंब टाकला तर लालभडक! पुस्तकाप्रमाणे असं दिसणारं लायकेन पोटॅशनं पिवळं पडायला हवं. म्हणजे ही नवी प्रजाती. पीएचडीचं सातवं वर्ष, शेवटची मुदतवाढ ३० एप्रिलला संपते. अगदी वेळेवर सापडली.
गाईड मॅडम म्हणाल्या, रंगावर भाळू नका, डीएनए करा. करू. फॉर्मॅलिटी आहे.
निश्चय: रोज सकाळी सातला लॅबमध्ये.

४ मार्च
साडेदहाला पोचलो. पाठ धरली होती.

९ मार्च
काचेच्या पट्टीवर त्यातली रसायनं वेगळी केली. एक आम्ल जास्तीचं निघालं! बायकोला म्हटलं, प्रजातीला तुझं नाव देतो. म्हणाली, बुरशीला? समजावलं, लायकेन म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा संसार. तिनं विचारलं, त्यात स्वयंपाक कोण करतं? शैवाल. आणि नाव कुणाचं लागतं? बुरशीचं. मी विषय बदलला.

२४ मार्च
डीएनएचा रिपोर्ट: पावावरची बुरशी. लॅब असिस्टंट म्हणतो, टेबलावर सँडविच खाऊ नका. लोक जळतात.

८ एप्रिल
दुसरा रिपोर्ट कोरा. सॅम्पल कमी पडलं म्हणे. टाकीवर उरलेलं सगळं खरवडून पुन्हा तपासणीला पाठवलं. जगात एवढंच असेल तर?
बायकोची बदली निघालीय. महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचंय. ठणकावून सांगितलं, नाही म्हण, मे महिन्यात मला इथेच कायमची नोकरी लागतेय. बरं म्हणाली.

१९ एप्रिल
शेवटचं प्रकरण लिहून टाकलं. रिपोर्टपुरती जागा मोकळी. भूक नाही. दर पाच मिनिटांनी मेल उघडतो. असिस्टंट म्हणाला, सर, घरी जा. कीव करत होता. मला कीव नको, रिपोर्ट हवा.

२८ एप्रिल, दुपारी ४
आला. शंभर टक्के जुळतंय. नेहमीच्याच प्रजातीशी.
मॅडमना विचारलं, मग लाल रंग? म्हणाल्या, एकाच प्रजातीत रसायनं थोडी वेगळी असतात, सख्ख्या भावंडांचे स्वभाव असतात तशी. हेच नीट लिहा, चांगलं प्रकरण होईल. म्हटलं, दोन दिवसांत?
बाथरूममध्ये नळ सोडून रडलो.

३० एप्रिल
जमलं नाही. लॅबची किल्ली परत दिली. चालत घरी आलो. तेच लायकेन बसस्टॉपवर, कंपाउंडवर, शेजाऱ्यांच्या फाटकावर.
बायकोला सगळं सांगितलं. विचारलं, बदलीला ‘नाही’ असं कळवलंस का? म्हणाली, आठ तारखेलाच ‘हो’ कळवलं. दोघांसाठी घरही बघून ठेवलंय.
कसं आहे, विचारलं.
म्हणाली, नवीन बिल्डिंग आहे. भिंतींवर काहीसुद्धा उगवलेलं नाही.