‘उत्तरेचा वारा’ उभा राहिला नाही

प्रिय एलिनेद वन्सं यांना मॉर्विदचा सप्रेम नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? लिव्हरपूलच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर निम्म्याच घ्या, बाकीचं देव बघतो. मी बरी आहे. एकटीला पाव संपत नाही, शिळ्या पावाचं पुडिंग करते आणि तेही एकटीच खाते. त्यामुळे शोकात असूनही काळा झगा सैल करावा लागला.

लिहायचं कारण आपल्या चॅपलचा आयस्टेदवोद, म्हणजे आपला दरवर्षीचा स्पर्धांचा मेळा. नेहमीच्या गाण्या-कवितांबरोबर यंदा लघुतम कथेची स्पर्धा होती, पोस्टकार्डावर मावेल एवढीच. (काटकसरी बाईला याहून सोयीचं साहित्य नाही.) परीक्षक टेगविन मास्तरांनी आधी आम्हाला बसवून शिकवलं, की गोष्ट कितीही आखूड असो, तिच्यात एक माणूस लागतो, त्याला काही हवं असतं, मध्ये अडचण येते, मग गोष्ट उलटते आणि शेवटी पहिल्यासारखं काही राहत नाही. शेजारचा इदवाल म्हणाला, "एवढं सगळं पोस्टकार्डावर? आमची ही एवढ्यात घसासुद्धा खाकरत नाही." मास्तर म्हणाले, "मग तिला कादंबरीला बसव."

मी घरी येऊन लिहिली. बायको जेवायला हाक मारते. नवऱ्याला यायचं असतं, पण मेंढी ओढ्यात अडकलेली. तो पाण्यात उतरतो. अंधार पडल्यावर मेंढी घरी येते. संपली. (मेंढी खरं तर इदवालची होती, आणि त्या ओढ्यातून तुमचा भाऊ परत आला नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण मेंढी कोणाची हे सांगायला आणखी एक ओळ गेली असती, शिवाय इदवाल पहिल्या बाकावर बसतो.)

टोपणनाव घातलं ‘उत्तरेचा वारा’. म्हणजे तुमच्या भावाचं, इथेलचंच. त्या नावाने ते जन्मभर कविता पाठवत, आणि पुकारा होईल म्हणून दरवर्षी बूट चमकवून बाकाच्या कडेला बसत. एकदाही झाला नाही. (कविता वाईट असत, हे बायको म्हणून मीच सांगते.) वाटलं, भरल्या चॅपलमध्ये ते नाव एकदा तरी ऐकू येऊ दे.

आणि आलं. मास्तर म्हणाले, एवढ्याशा जागेत माणूस, इच्छा, अडचण, कलाटणी, शेवट सगळं आहे, आणि मुख्य ते लिहिलेलंच नाही. मग रिवाजाप्रमाणे पुकारलं, "‘उत्तरेचा वारा’, आणि फक्त ‘उत्तरेचा वारा’, यांनी उभं राहावं."

वन्सं, टोपणनावं म्हणे गुप्त असतात, पण कोणाचं कोणतं हे गावातल्या कुत्र्यांनाही माहीत. सगळं चॅपल वळून इथेलच्या जागेकडे बघू लागलं. मी शेजारीच होते. उभी राहिले असते तर नाव माझं झालं असतं. मी बसूनच राहिले. मास्तरांनी पुन्हा पुकारलं, आवाज मऊ करून. इदवालने मान वर केली नाही. शेवटी पाद्रीबुवांनी प्रार्थना सुरू केली, तीही आखूडच.

प्रकृतीला जपा.

तुमची भावजय,
मॉर्विद

ता. क. टोपणनावाबरोबर खरं नाव बंद पाकिटात द्यायचं असतं, ते पाकीट मी रिकामंच दिलं होतं. आता चिटणीसबाई विचारतात, पेपरात नाव कोणाचं छापायचं? मला खोटं बोलवत नाही, रविवारी देवासमोर बसायचं असतं. तुम्ही चॅपल सोडून बरीच वर्षं झाली, तुमच्याकडे एवढं एक पाप खपून जाईल. गोष्ट इथेलनीच लिहून तुमच्याकडे ठेवली होती आणि तुम्ही ती पाठवलीत, असं बाईंना कळवा.

आणखी ता. क. आता सुचलं, कोणी विचारेल की आपण ओढ्यातून परत येणार नाही हे इथेलना आधी कसं कळलं. विचारू दे. म्हणावं, कवी होते.