घड्याळकाकांची एक वाजताची गोळी

तीर्थरूप मामांस,

भाचीचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा सध्या अर्धाच वाकून, उरलेला अर्धा कंबर सुटल्यावर.) तुमचा गुडघा कसा आहे? मामी जिना चढू देत नसतील तर त्यांचं ऐका. चाळीस वर्षं औषधाचं दुकान चालवलेल्या माणसाला वाटतं की आजारपण फक्त काउंटरच्या पलीकडे उभं असतं. मी बरी आहे. दोन्ही वेळा जेवते, झोप लागते, वजन जिथून कमी व्हायला हवं तिथून होत नाही. एकूण तक्रार करण्यासारखं काही नाही, तरीही हे पत्र लांबणार आहे, म्हणून आधी चष्मा शोधून ठेवा.

आमच्या निवासात बावीस म्हातारी माणसं राहतात, सगळी विसरणारी. कुणी मुलांची नावं विसरलं आहे, कुणी आपण जेवलो हे विसरतं, आणि एक आजी तर आपण विसरतो हेच विसरल्या आहेत (सगळ्यांत सुखी त्याच). या बावीस जणांच्या गोळ्या परवापरवापर्यंत माझ्या ताब्यात होत्या. कुलपाचं कपाट, त्याची किल्ली माझ्या कमरेला, चाकं कुरकुरणारी एक ट्रॉली आणि एक जाडजूड फाइल. फाइलमध्ये प्रत्येकाचं एक पान, पानावर फोटो, औषधाचं नाव, वेळ आणि रोजचा एक चौकोन. फोटो बघायचा, माणूस बघायचा, गोळी त्याच्या पोटात गेलेली आपल्या डोळ्यांनी बघायची, आणि मगच चौकोनात सही करायची. घेतली नाही तर का नाही ते लिहायचं. हा नियम नव्याने कामावर येणाऱ्या प्रत्येकीला मी घोटून घोटून शिकवला, आणि स्वतः मात्र सगळ्या सह्या फेरी संपल्यावर चहा पिता पिता एकदम ठोकत आले. (तुमच्या भुवया वर गेल्या त्या मला इथून दिसल्या. थांबा, पुढे आहेच.)

तळमजल्यावर खिडकीच्या खोलीत दोघं राहायचे. एक घड्याळकाका. त्यांनी उभा जन्म घड्याळं दुरुस्त केली. डोक्यातून बायकोचं नाव गेलं, घराचा पत्ता गेला, पण वेळ गेली नाही. त्यांना दुपारच्या जेवणाबरोबर, एक वाजता, साखर उतरवणारी गोळी असायची. मी ट्रॉली घेऊन गेले की माझ्याकडे न बघता ते तळहात पुढे करायचे आणि म्हणायचे, "दोन मिनिटं उशीर." दोन वर्षं, रोज. कधी तीन नाहीत, कधी एक नाही. मी एकदा मुद्दाम पाच मिनिटं आधी गेले, तरी दोन मिनिटं उशीरच झाला होता. दुसरे टीसीकाका, रेल्वेतले निवृत्त तिकीट तपासनीस. खोलीत जो शिरेल त्याच्याकडे ते तिकीट मागत. मी गोळ्यांचं रिकामं पाकीट दाखवायचे, ते चालायचं. आमच्या डॉक्टरांकडे एकदा कागदाचा कपटाही नव्हता, तर काकांनी त्यांना खाली उतरवलं, आणि तो शहाणा माणूस दहा मिनिटं व्हरांड्यात उभा राहिला. त्यानंतर ते कायम खिशात एक चिठ्ठी ठेवतात.

एका रविवारी सकाळी घड्याळकाका झोपेतच गेले. शांतपणे, कुणाला त्रास न देता. आमच्याकडे कुणी गेलं की त्याचं पान त्याच दिवशी फाइलमधून काढायचं, आणि त्याच्या गोळ्या मोजून, वेगळ्या पिशवीत बंद करून सात दिवस कपाटात ठेवायच्या. कुणी काही विचारलं तर हाताशी असाव्यात म्हणून. मग त्या दुकानात परत जातात. हे सगळं मीच करणार होते. पण नातेवाईक आले, कपडे बांधायचे होते, पलंग धुवायचा होता, आणि तो दिवस असाच गेला. पान फाइलमध्ये राहिलं आणि डबी ट्रॉलीच्या तिसऱ्या कप्प्यात.

सोमवारी टीसीकाका घड्याळकाकांच्या खुर्चीत जाऊन बसले. खिडकीची जागा चांगली, कुणाला काही वाटलं नाही. मग त्यांनी तिकीट मागणं सोडलं. बुधवारी डॉक्टर चिठ्ठी हातात धरूनच आत आले, तर यांनी वर पाहिलंही नाही. एक डोळा घट्ट मिटून ते आपल्या सदऱ्याचं बटण अगदी नाकाशी धरून बघत होते आणि नखाने हळूहळू फिरवत होते. घड्याळकाका दिवसभर हेच करायचे. चारच्या सुमाराला त्यांना दरदरून घाम फुटायचा, हात कापायचे, ओठ पांढरे पडायचे, आणि मग एरवी फलाटभर ऐकू जाईल असा आवाज असलेला हा माणूस बारीक, सावकाश आवाजात म्हणायचा, "याची स्प्रिंग गेली आहे." स्वयंपाकीणबाई चहा घेऊन गेल्या होत्या, त्या कप जमिनीवर ठेवून उलट्या पावली बाहेर आल्या. गेलेला माणूस खुर्ची सोडत नाही, असं त्यांनी स्वयंपाकघरात जाहीर केलं. मी त्यांना हसले. (पण चार वाजता कपाटाकडे जाताना त्या खोलीवरून जायचं टाळून मागच्या व्हरांड्याने वळसा घालायला लागले, हे फक्त तुम्हाला सांगते.)

शुक्रवारी चार वाजता टीसीकाका खुर्चीतून घसरले. मी धावले, बोटातून थेंब काढून साखर पाहिली तर बेचाळीस. गिळता येत होतं, म्हणून चमच्याचमच्याने साखरेचं पाणी पाजलं. डॉक्टर येईपर्यंत चेहऱ्यावर रंग आला होता. काकांनी डोळे उघडले, डॉक्टरांना नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "तिकीट?" डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. आम्ही सगळे हसलो, मी थोडी रडलेही. डॉक्टर हसले नाहीत.

"यांना साखरेची गोळी चालू आहे?"

"नाही," मी म्हणाले.

"मग साखर एवढी उतरली कशी?"

सगळे गेल्यावर मी घड्याळकाकांची डबी काढली. शनिवारच्या नोंदीत पंधरा गोळ्या होत्या. आता दहा निघाल्या. पान उघडलं. रविवारचा चौकोन रिकामा, आणि सोमवार ते शुक्रवार पाच चौकोनांत पाच सह्या. मेलेल्या माणसाने पाच दिवस नेमाने गोळी घेतली होती, आणि ती दिल्याची सही माझी होती. तशीच घाईची, शेवटी तसंच वेडंवाकडं शेपूट. मी पान मोठ्या बाईंपुढे ठेवलं (निवास त्या चालवतात) आणि कुणीतरी माझी सही गिरवायला शिकलं आहे, असं सांगितलं. खोटं नव्हते बोलत मामा, मला खरंच तसं वाटत होतं. त्यांनी डबी स्वतः पिशवीत बंद केली.

अंगावर काटा आला तो त्यानंतर. घरी बसून मी एकेक दिवस आठवायला घेतला, आणि गुरुवार आठवला. अगदी स्वच्छ. मी गोळी दिली होती, आणि ती घड्याळकाकांना दिली होती. त्यांचा सुरकुतलेला तळहात, अंगठ्याचं ते कायमचं काळं पडलेलं नख, आणि "दोन मिनिटं उशीर". त्यांना जाऊन तेव्हा चार दिवस झाले होते.

शनिवारी एक वाजता मोठ्या बाई माझ्याबरोबर फेरीला आल्या. खिडकीची खोली आली. खुर्चीतल्या माणसाने माझ्याकडे न बघता तळहात पुढे केला आणि म्हणाला, "दोन मिनिटं उशीर." माझा हात ट्रॉलीच्या तिसऱ्या कप्प्यात गेला आणि तिथे नसलेली डबी चाचपायला लागला. मी त्या हाताकडे बघत होते, दुसऱ्या कुणाचा असावा तशी.

"काय शोधताय?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"घड्याळकाकांची गोळी," माझ्या तोंडून निघालं.

मी खाली पाहिलं. समोरच्या अंगठ्याचं नख स्वच्छ होतं, नीट कापलेलं.

तर भूतबीत काही नव्हतं. शेजारच्या पलंगावरून दोन वर्षं रोज ऐकलेलं वाक्य टीसीकाकांनी त्या खुर्चीबरोबर उचललं होतं, आणि मी खुर्ची बघून गोळी दिली होती, माणूस बघून नाही. घाम, कापरं, तो बारीक आवाज, सगळं उतरलेल्या साखरेचं. खरं सांगू, भूत असतं तर मला आवडलं असतं. भुताने केलेल्या चुकीचा अहवाल लिहावा लागत नाही. हा मी स्वतःच्या हाताने लिहिला, तीन पानं, आणि डॉक्टरांना वाचून दाखवला. मग टीसीकाकांच्या मुलीला बोलावून समोरासमोर सांगितलं.

"पाच दिवस?" तिने विचारलं.

"पाच दिवस."

"मी बुधवारी भेटायला आले होते. बाबा आता संपत आले, असं घरी जाऊन सांगितलं मी. मुलांना सांगितलं." मग पर्स उचलून म्हणाली, "तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं. पण त्यांच्या गोळ्यांना पुन्हा हात लावू नका."

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? टीसीकाका आता ठणठणीत आहेत. काल त्यांनी आपल्या मुलीलाच विनातिकीट पकडलं. ट्रॉली दोघीजणी फिरवतात, सही जागच्या जागी होते, आणि गेलेल्या माणसाचं पान मोठ्या बाई स्वतः काढतात. स्वयंपाकीणबाई नाराज आहेत, त्यांना अजून खुर्चीच जास्त पटते. किल्ली माझ्याकडून काढून घेतली आहे. मी चादरींच्या घड्या घालते आणि ज्यांना हवं त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवते. घड्या चांगल्या येतात.

मामींना नमस्कार, तुमच्या गुडघ्यालाही. इथे थांबते, कागद संपत आला.

तुमची लाडकी (असं तुम्हीच म्हणायचात)
भाची

ता. क. – माझी काळजी करू नका. माणसाकडून चूक होते, असं डॉक्टरही म्हणाले.

ता. क. – डॉक्टर त्यानंतर आणखीही काही म्हणाले. पंधरा तारखेला त्यांनी मला मोठ्या इस्पितळात तपासणीला पाठवलं आहे, स्मरणाच्या. तिथे जवळच्या माणसालाही आत बोलावून विचारतात, हिच्यात काही फरक जाणवला का. तुम्ही याल का? आईचं सुरू झालं तेव्हा ती कितव्या वर्षात होती, हे तुमच्याशिवाय आता कुणाला ठाऊक नाही. आणि तिथे मायेपोटी माझी बाजू घेऊ नका. जे पाहिलं असेल तेच सांगा.

ता. क. – मंगळवारी संध्याकाळी मी तुमच्याशी अकरा मिनिटं बोलले, अशी माझ्या फोनमध्ये नोंद आहे. काय बोलले ते कृपा करून कळवा. फोनवर नको, लिहून पाठवा.