सुजाताची सायकलीवरील परीक्षा

शेळगाव, ता. ८ जानेवारी १९९६

नात सुजाता हिला घेऊन पहाटेच्या एस.टी.ने पुण्यास गेलो. सोबत तिचे वडील, चिरंजीव अशोक. आजाराचे इंग्रजी नाव मी पाठ केले आहे : सिस्टिक फायब्रोसिस. कफ डिंकासारखा घट्ट होतो, अन्न अंगी लागत नाही, घाम खारट. लहानपणी क्षय समजून औषधे चालली, वाया गेली.

आज जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलीवर बसवून, तोंडात नळी देऊन, दमाची परीक्षा घेतली. मी समोरच खुर्चीवर होतो. सु. लवकरच थांबली. डॉ. बाई म्हणाल्या, "एवढ्यातच?" सु.ने मान खाली घातली.

निकाल वाईट. बाई म्हणाल्या, "नुसत्या फुंकण्याच्या परीक्षेपेक्षा ही परीक्षा पुढचं जास्त सांगते." दम जितका कमी, तितका पुढील काळ कठीण. किती वर्षे, असे विचारले. त्या कागद आवरू लागल्या. तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारणे माझ्या स्वभावात नाही.

ता. ११ जानेवारी

शेजारचे दगडूतात्या येऊन गेले. "आबा, नरसिंगपूरला एक नवस बोला की. तुमचं काय जातंय?"

म्हटले, "छप्पन सालच्या धम्मदीक्षेपासून या घरात नवस नाही."

"मग त्या डाक्टरीणबाईला तरी बोला!" म्हणून हसले. मला हसू आले नाही.

ता. १४ जानेवारी

उसाला पाणी सुरू होते. बांधावरून पाहतो तो कॅनॉलच्या वाटेने सु. अशोकची सायकल जोराने हाणीत येत आहे. मला पाहताच खाली उतरली व सायकल हातात धरून चालू लागली.

घरी विचारले, मग पुण्यास दम एवढ्यात कसा संपला? आधी सायकल भिंतीला लावली. मग म्हणाली, "आबा, तवा तुमी म्होरं बसला व्हता. तुमच्याम्होरं टांग टाकून, त्वांड वासून, धापा टाकीत कसं बसायचं?"

"म्हणून थांबलीस? दम संपला नव्हता?"

"न्हाय. लाज वाटली."

मुलींनी वडीलधाऱ्यांसमोर सायकलीवर बसू नये, हा घरातला नियम. घालून दिलेला मीच. म्हणजे त्या दिवशी मोजली गेली ती लाज, छाती नव्हे. पुष्कळ दिवसांनी पोटभर जेवलो. अशोकला सांगितले, परीक्षा पुन्हा घ्यावयाची.

ता. १२ फेब्रुवारी, पुण्याहून परत आल्यावर

डॉ. बाईंना उभे राहून सर्व सांगितले. चूक मुलीची नाही, माझी, असेही म्हटले. त्या म्हणाल्या, "आजोबा, मग तुम्ही बाहेर बसा."

बाहेर बाकावर बसलो. दाराआडून चाकाची घरघर व बाईंचा आवाज : "अजून! थांबू नकोस! अजून!" बराच वेळ चालले. मला बरे वाटत होते. मग खोकला.

दार उघडले. सु.चे ओठ निळसर. तरी हसत होती. "आबा, पार शेवटपत्तोर हाणली!"

म्हटले, "शाबास."

अशोकला व मला बाजूस घेऊन बाईंनी निकाल सांगितला. मागच्यापेक्षा बरा, पण फारसा नाही. रक्तातला प्राणवायूही उतरतो. "या वेळी तिनं काहीच राखून ठेवलं नाही. आता हाच आकडा खरा धरावा लागेल." रोज व्यायाम केल्यास दम टिकेल, कदाचित वाढेलही, हमी नाही. वर्षाने पुन्हा पाहू.

पहिला निकाल खोटा मानण्यास जागा होती. ती मीच बुजवून आलो.

एस.टी.त सु.ने विचारले, "पयल्यापरीस बरं आलं न्हवं?"

"बरे आले."

हे खोटे नाही. पुरते खरेही नाही.

ता. १५ फेब्रुवारी

अशोक म्हणतो, तिला सांगावे; सोळा वर्षांची आहे. मी म्हणतो, बारावी होऊ दे. भांडण नाही, परंतु दोघे एकमेकांकडे न पाहता जेवतो.

ता. २० फेब्रुवारी

सु. आता सकाळी कॅनॉलच्या वाटेने सायकल घेऊन जाते. एक अट घातली आहे. "आबा, तुमी मागं यायचं न्हाय. तुमी दिसला की माझं पाय आखडत्यात." मी शब्द दिला.

ओसरीवर बसून हे लिहीत आहे. ती वाटेवर कोठे आहे ते तिच्या खोकल्यावरून कळते. आता खोकला ऐकू येईनासा झाला. लांब गेली, की उतरून खाली बसली, हे येथून समजत नाही. दोनदा उठलो. पायांत वहाणाही घातल्या.

शब्द दिला आहे. बसलो आहे.